कपातलं उरलेलं एपॉक्सी

मिसळलेलं एपॉक्सी, म्हणजे दोन भागांचा घट्ट होणारा गोंद, भरून झालं की कपात जे उरतं ते टाकायचं नाही, हा माझा नियम. स्कीच्या आत ते घट्ट झालंय की नाही ते दिसत नाही. कप मात्र सांगतो. म्हणून त्या शुक्रवारी ऑफिसमधून आल्या आल्या मी कोट न काढताच गराजमध्ये गेले. कामाच्या टेबलावर कप नव्हता. तो मला कचऱ्यात, पेपर टॉवेलखाली सापडला. लपवल्यासारखा.

नखाने दाबून पाहिलं. खूण उमटली. एक दिवस होऊनही आतलं खोडरबरासारखं मऊ.

मुलीच्या एका स्कीचे थर पुढच्या टोकाशी सुटले होते. सुरीचं पातं आत जाईल एवढी फट. बर्फाखालच्या दगडाला घासली होती. आणि शनिवारी सकाळी तिची शाळेच्या स्की क्लबमधली पहिली रेस. उतारावर वेगात असताना ते टोक उघडलं तर, याच्या पुढचा विचार मी करत नव्हते.

गुरुवारी मला मीटिंग होती, म्हणून दुरुस्ती नवऱ्याने केली होती. कामांचा क्रम मी फ्रिजवर लावून ठेवला होता: फट हेअर ड्रायरने सुकवणे, रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर समसमान घेणे, नीट घोटणे, भरणे, वर मेणकागद, मग क्लॅम्पने आवळणे.

"कप कोणी टाकला?" मी स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

"कुठला कप?" नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"दोन्ही समसमान घेतलं होतंस?"

"अगं, बरोब्बर निम्मं-निम्मं. इंजिनियर आहे मी."

"म्हणूनच विचारतेय."

मी दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर ठेवल्या. नव्या कोऱ्या आणल्या होत्या. हार्डनरची बरीच जास्त रिकामी होती.

"भरतानाच कमी भरली असेल."

तेवढ्यात मुलगी गराजमध्ये डोकावून आली. "आई, इट्स टोटली हार्ड. आय चेक्ड."

"कशाने?"

"बोटाने."

"नखाने का नाही?"

तिने खांदे उडवले. तिची साक्ष मी धरणारच नव्हते. स्कीचे दोन तुकडे असते तरी ती 'फाइन'च म्हणाली असती.

ओट्याशी सासूबाई दही लावत होत्या. हिवाळ्यापुरत्या नागपूरहून आल्या होत्या. घरात वाद चालू असताना त्या गप्प राहतात, असं सहसा होत नाही. त्या गप्प होत्या. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. कोमट दुधात त्यांनी चमचाभर विरजण घातलं. मग आणखी एक चमचा.

"आई, दोन चमचे?"

"इथल्या थंडीत एकाने काय होणार? जास्त घातलं की लवकर लागतं. कालही मी याला तेच म्हटलं. गराजमध्ये एवढा गारठा, ते दुसऱ्या बाटलीतलं जरा सढळ हाताने घाल."

लॅपटॉपवरची बोटं थांबली.

"आईचं दही कधी बिघडलंय का?" नवरा म्हणाला.

"मग उद्या दह्यावरून घसरू दे तिला!"

"म्हणजे लागलंच नाही का गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं: विरजण वाढत जातं, हार्डनर वाढत नाही. त्याला रेझिनशी जोडी जमवावी लागते. जास्तीचं तसंच मऊ राहतं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि नातीकडे वळल्या. "बाळा, त्याच्यावर नको जाऊस हो."

"आजी, यू टू?"

पुन्हा भरलं तरी सकाळपर्यंत पक्कं होणार नव्हतं. मी सांगितलं, एकतर तिथे भाड्याच्या स्की, नाहीतर रेस नाही. ती रडली. सगळा हंगाम तिने स्वतःच्या स्कीवर सराव केला होता.

शनिवारी ती भाड्याच्या स्कीवर उतरली आणि बरीच मागे राहिली. परतताना गाडीत कानात इअरफोन.

रविवारी मी तिला गराजमध्ये बोलावलं आणि तिच्यासमोर फटीत सुरी घातली. दुधावरची साय निघावी तसा थर सहज उचलला गेला, टोकापासून बराच आतपर्यंत. ती बघत राहिली. इअरफोन काढले. मग तिनेच खरवडायला घेतलं.

जुनं मऊ एपॉक्सी काढलं, आतून सँडपेपर मारला आणि ती आत गेल्यावर मी मापाच्या चमच्याने दोन्ही मोजून घेतलं. क्लॅम्प लावलेली स्की डायनिंग रूममध्ये, हीटरच्या झरोक्याजवळ ठेवली. सासूबाई समोर खुर्ची घेऊन राखण करायला बसल्या. एकही सूचना नाही. कप मी खिडकीत ठेवला आणि नवऱ्याला दाखवला. "दिसला? हा तो कप."

पुढच्या वीकेंडला निघण्याआधी मुलीने तो कप उचलला आणि घराची किल्ली आत जोरात खुपसली. ओरखडाही उठला नाही. स्की उजेडात धरून सांधा न्याहाळला.

"हे कोणी मिक्स केलं?"

"मी."

"आजी तेव्हा कुठे होती?"

"झोपली होती."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

मुलीने किल्ली पुन्हा एकदा खुपसून पाहिली आणि मगच स्की गाडीत टाकल्या.