शुक्रवारपुरता भाऊ

ऐंशीच्या सुमारास दोह्याच्या उत्तरेला, किनाऱ्यावर, एक वारसा केंद्र उघडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे म्हणे इंग्रजांचा तळ होता, पाण्यावर उतरणारी विमानं यायची. वारसा म्हणजे दोन खोल्या आणि कडाक्याचा एसी. शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, प्रवेश फक्त फॅमिलीला. बॅचलरांनी कामाच्या दिवशी यावं, म्हणजे कधीच येऊ नये, अशी उत्तम सोय केलेली होती.

माझ्या नवऱ्याच्या कंपनीचे ड्रायव्हर गुहागरकडचे. गावी बायको आणि तीन मुलं, पण कतारमध्ये एकटे, म्हणून बॅचलर. त्यांचे वडील युद्धात याच तळावर खलाशी होते. ते तापाने इथेच गेले तेव्हा हे आईच्या पोटात होते. घरात वडिलांचा एकही फोटो नाही. केंद्रात रंगकाम करून आलेल्या एका गाववाल्याने सांगितलं, तिथे खलाशांचा फोटो लावलाय. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, वडिलांचा चेहरा एकदा बघायचाय.

नवरा शुक्रवारीही प्लान्टवर. शेवटी मीच म्हटलं, "चला, आज तुम्ही माझे भाऊ."

भाऊ कसला! दारात माझी पिशवी धरून, दोन पावलं मागे, मान खाली. माझ्या सख्ख्या भावाने जन्मात माझी पिशवी उचललेली नाही. पठाण पहारेकरी आम्हाला वरून खालून न्याहाळत होता, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "वैनी, तुमी व्हा फुडं." नशीब, पठाणाला मराठी येत नव्हतं.

आत साहेबाची किटली होती, साहेबाचा पाइप होता. एका फोटोत साहेबांची रांग, खाली प्रत्येकाचं नाव. त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा. शेजारच्या फोटोत होडीतून विमानाला दोर बांधणारे खलाशी. खाली फक्त 'स्थानिक मजूर'. गुहागर इतकं स्थानिक असेल याची मला कल्पना नव्हती.

ते काचेला नाक लावून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वैनी, ह्यांच्यात माज्यासारका कोन दिसतोय काय, बगा जरा."

मी चष्मा पुसून एकेक चेहरा बघितला. दोर ओढणाऱ्या एकाचे कान यांच्यासारखेच बाहेर आलेले होते. निदान मला तसं वाटलं. की मी वाटून घेतलं, कोण जाणे.

"हे," मी म्हटलं.

त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. पहारेकरी ओरडतच आला, "यल्ला, चप्पल पहनो!"

"रुको भाई," मी म्हटलं, "हमारे पिताजी हैं."