गिटारच्या मानेतली गाठ

सांगलीच्या एका फाउंड्रीत मी लाकडी पॅटर्न करायचो. म्हणजे ओतकामासाठी वाळूत दाबून ठसा घ्यायचा तो नमुना. लाकडातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात थोरला भाऊ फौजेतून रजेवर आला, तो मान मोडलेली गिटार घेऊनच. त्याच्या पलटणीतल्या एका डोंगराकडच्या दोस्ताची. घरच्यांना दाखवायला म्हणून हट्टानं मागून आणलेली, आणि गाडीत तिच्यावर कुणाची तरी ट्रंक पडली.

"त्येनं इस्वासानं दिली रं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"नवी मान करतो की," मी म्हणालो.

दादा सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीवर मुक्कामालाच आला. जुन्या चौकटीचं वाळलेलं सागवान मिळालं. मान तासत आणली आणि ऐन शेंड्याखाली, जिथं ती सगळ्यात बारीक होते तिथं, गाठ निघाली. मी गाठ कोरून काढली, खळग्यात लांबीचा लगदा भरला, घासून पॉलिश मारलं. पॅटर्नला आम्ही हेच करायचो, कारण वाळूला फक्त वरचं अंग कळतं. पण इथं तारांचा ताण होता. मान बसवून तारा चढवल्या, दादा खुंट्या पिळत गेला आणि कट्कन आवाज झाला. लांबीतून आडवी चीर गेली होती. मला स्वतःचाच असा राग आला की रात्री पुढ्यातलं ताट तसंच सारलं.

सकाळी करवत घेतली आणि गाठीसकट शेंडा तिरका उतरवला.

"आरं, मुंडकंच उडीवलंस की! ऱ्हाऊ दे आता. मी सांगतो त्येला काय ते."

"न्हाई. गप बस आन सरस ढवळ."

त्याच सागवानाचा बिनगाठीचा तुकडा घेतला, रेघेला रेघ जुळवली. तळहाताएवढा लांब तिरका सांधा. दोन्ही अंगं एकमेकांवर ठेवायची, खिडकीकडं धरायची, फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. उजेड पार बंद झाला तेव्हाच गरम सरस लावला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं.

सरस पुरता वाळायच्या आत दादाची रजा संपली. पट्ट्या बांधलेली, बिनतारांची गिटार घेऊन तो गेला. पुढं पत्रांत त्यानं तिचं नाव काढलं नाही, आणि विचारायची माझी छाती होईना.

पुढच्या रजेला तो त्या दोस्तालाच गावाकडं, मलकापूरच्या घरी घेऊन आला. गिटार खांद्यावर. दोस्तानं अंगणात बसून त्याच्या बोलीतलं गाणं म्हटलं. आई मान डोलवत होती, शेजारी दारात जमले होते. मी मात्र सांध्यावर डोळा लावून, कट् आवाजाची वाट बघत बसलो होतो.

गाणं संपल्यावर मी गिटार मागून घेतली. एक डोळा मिटून मान पाहिली. सरळ होती. सांध्यावरून अंगठा फिरवला, कुठं अडला नाही. मग गिटार परत दिली.

"दादा, त्येला म्हनावं आनखी एक वाजीव," मी म्हणालो. "पयलं मी ऐकलंच न्हाई."