विहीणबाई मुक्कामाला आल्या तो हिवाळा

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत माझ्या विहीणबाई आमच्या घरी राहायला आल्या. दिवाळीनंतर त्यांचे मालक वारले. लेकरू म्हणाल तर एकच, माझी सून. कळमनुरीकडच्या त्यांच्या गावात त्या एकट्या खोकत पडून राहायच्या. सून इकडं भाकरी थापता थापता डोळे पुसायची आणि धूर लागला म्हणायची. शेवटी एक दिवस माझा मुलगा म्हणाला, "आई, मी त्यायला घेऊन येतो." मी म्हणाले, "आण की. इचारायचं काय त्यात?"

पण आमच्या भागात लेकीच्या घरी आईनं मुक्काम ठोकणं सोपं नाही. जुन्या बायका तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आम्ही विहारात जाणारी माणसं, हे सगळं सोडून दिलंय असं म्हणतो. तरी मनात कुठंतरी ते राहतंच. विहीणबाईंच्या मनात तर फारच होतं.

त्या आल्या आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. पुढचे कित्येक दिवस तीच त्यांची जागा झाली. स्टँडवर गाडीची वाट पाहणारं माणूस बसतं, तशा बसायच्या. पिशवीतलं लुगडं काढायचं, नेसायचं, धुऊन वाळलं की परत पिशवीत. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. अर्धी भाकर खायच्या आणि ताटात हात धुवायच्या. पाणी घ्यायचं तरी आधी माझ्याकडं बघायच्या.

सुनेचंही मला वेगळंच दिसायला लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी बरी होती, मीही तिच्याशी. नात दहावीला आली, इतकी वर्षं झाली, पण मोठ्या आवाजात भांडण असं आमच्यात कधी झालं नाही. आता मात्र आईला चहा देताना ती आधी माझा कप भरायची. आईला दूध द्यायचं असलं तर मी अंगणात गेले की द्यायची. मला दिसायचं, आणि मी दिसलं नाही असं करायची. रात्री मनात यायचं, मी अशी कोणती कडक सासू होते, की हिला स्वतःच्या आईला दूध चोरून द्यावं लागावं? विचारायचं तर कसं विचारायचं? विचारलं असतं तर ती रडली असती, नाहीतर "असं काही न्हाई आत्या" म्हणाली असती.

एकदा सकाळी मी चुलीवर भाकरी करत होते. घरात गॅस आहे, पण ज्वारीची भाकर मला चुलीवरच जमते. विहीणबाई हळूच येऊन बसल्या आणि पिठाच्या काटवटीकडं हात नेला. मी म्हणाले, "बसा तुमी इहीनबाई. पाव्हण्या हाव तुमी, तुमाला काहून तकलीफ?" त्यांनी हात मागं घेतला. त्यांचा मान ठेवला, असं वाटून मी पुढची भाकर थापली.

माघ पौर्णिमा झाली तशी थंडी ढिली पडली. दुपारी ऊन अंगाला लागायला लागलं. शेतात हळद काढून झाली होती, शिजवायला सुरुवात झाली. सून, नात आणि मी त्या दिवशी शेतात गेलो. विहीणबाई म्हणाल्या, "मला धुरानं खोकला येते, मी घरीच ऱ्हाते."

ऊन कलताना परत आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारणीकडं. आत गोधडीची घडी व्यवस्थित ठेवलेली, आणि पिशवी नाही. शेजारीण म्हणाली, "जाते मनल्या गावाकडं. मला वाटलं तुमाला ठाऊक असंल."

सून अंगणातच खाली बसली. फोन लावला तर बंद. मुलगा मास्तर, शाळेच्या कामाला सकाळीच सेनगावला गेलेला. खोकणारं, अशक्त माणूस, वाटेत कुठं चक्कर येऊन पडलं तर? नातीनं डोकं चालवलं. पळत फाट्यावर गेली आणि जीपवाल्याला विचारून आली. "आजी, त्यानं हिंगोलीच्या स्टँडवर सोडलं तिला. कळमनुरीच्या गाडीत बसताना त्यानं सवता पाहिलं." पुढं त्यांच्या गावातल्या दुकानदाराला फोन लागला. म्हातारी घरी पोचली, चूल पेटली आहे, असं त्यानं सांगितलं. तेव्हा कुठं आम्ही पाणी प्यायलो.

सून उठली. "सकाळी मी जाऊन येते."

मी म्हणाले, "तू ऱ्हा. मी जाते."

"तुमी? तुमी काहून, आत्या?"

"माझ्या घरातून गेल्या त्या. मलाच जायला पायजे."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी आधी जीप, मग एसटी. रस्त्यानं पळस फुलला होता, हरभऱ्याची सोंगणी चालू होती. एरवी मी हे सगळं बघत बसले असते. त्या दिवशी मनात एकच चाललेलं, तिथं जाऊन बोलायचं काय? माझं काय चुकलं ते मलाच नीट कळत नव्हतं.

विहीणबाई अंगण झाडत होत्या. मला बघून हातातला झाडू खाली पडला. "आगं बाई! घरी समदे बरे हायेत ना?"

"समदे बरे हायेत. तुमी सांगा, आमचं काय चुकलं?"

"न्हाई वो, चुकायचं काय? लई जीव लावला तुमी." त्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पर बसून बसून जीव आंबून गेला माझा. हाताला काम न्हाई, अन् खायचं. पाव्हणी मनून माणसानं किती दिवस ऱ्हावं?"

त्यांनी चूल पेटवली आणि भाकरी करायला घेतल्या. हरभऱ्याच्या वाळल्या पाल्याची भाजी केली, वर लसणाची फोडणी. भाकरी अशा पातळ आणि मऊ, की मी पोटभर खाऊनही आणखी मागितली. खाता खाता तोंडातून निघूनच गेलं, "इहीनबाई, माझं मनगट दुखते वो. थंडीत तर पीठ मळताना जीव जाते."

त्या बघतच राहिल्या. "मंग रोज काहून करता?"

"मी न्हाई केलं तर माझं काय काम उरलं घरात, असं वाटते."

त्यांना हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू. मग मलाही हसू आवरेना. दोघी म्हाताऱ्या चुलीपुढं बसून हसत होतो. कसलं तरी ओझं उतरलं, इतकंच कळत होतं.

पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सकाळच्या भाकरी मला देता का मग?"

"देते. घ्या."

"अन् मला वाटलं तवा मी माझ्या घरी येणार. सांगून येईन, पर इचारून न्हाई."

"बराबर हाय," मी म्हणाले. "पर फोन चालू ठेवायचा."

तिथूनच मी सुनेला फोन केला. तुझी आई आठ-पंधरा दिवसांत येते, आपल्या मनानं येते, असं सांगितलं. मग ती म्हणाली, "आत्या, जेवला का तुमी?"

त्या आल्या फाल्गुनात. येताना पिशवीबरोबर गव्हाचं पोतंही घेऊन आल्या. आल्या आल्या कपाटाचा कप्पा उघडला, त्यात लुगडी लावली आणि खुर्ची ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

पहिले दोन-चार दिवस मला करमलं नाही. सकाळी जाग यायची, भाकर थापल्याचा आवाज यायचा आणि हात रिकामे वाटायचे. मग सवय झाली. आता मी उन्हं अंगणात आली की उठते. कडुलिंबाची जुनी पानं गळून कोवळी लालसर पालवी आली आहे, तिच्याखाली चहा घेऊन बसते. नात परीक्षेचं वाचून दाखवते. मला त्यातलं निम्मंच कळतं, पण ती वाचते आणि मी ऐकते.

काल आम्ही कुरडयांसाठी गहू भिजत घातला. त्यावरून मायलेकींचं जुंपलं. पाणी रोज बदलायचं की एक दिवस सोडून, यावर सून आईवर असा आवाज चढवत होती की शेजारीण भिंतीवरून डोकावली. विहीणबाईही काही कमी नाहीत. "तुला मी जलम देला का तू मला?" असं त्यांचं चाललेलं. एवढ्या वर्षांत या घरात माझ्या सुनेचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मध्ये पडायला मी उठलेच नाही. खोलीत गेले, दुपारची जरा आडवी झाले आणि त्यांचं भांडण ऐकता ऐकता मला छान झोप लागली.