उरलेला आवाज

रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत ते म्हातारे गृहस्थ जुनी ब्रिटिश मोटारसायकल दुरुस्त करत बसलेले मला रोज दिसत. एकदा थांबलो. गाडी सुरू होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ त्यांनी दातांत धरली होती आणि कार्बोरेटरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होते. मी बघत राहिलो, तसं मूठ तोंडातून काढून म्हणाले, "कान गेले रे. असं धरलं की हिचा आवाज डोक्यात येतो. तेवढाच उरलाय."

"चहा निवला," दारातून त्यांची बायको म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग कप त्यांच्याजवळ ठेवून माझ्याकडे वळली.

"या आवाजावरून जन्मभर भांडले मी. आता रोज देवाला सांगते, हिला बंद पडू देऊ नको."