सर्व्हर रूममध्ये येणारा फोन

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. माझं आयुष्य कॉम्प्युटरसमोर गेलंय. काही बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढंच मी मानत आले. म्हणूनच हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले...

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी इंदूरला आले, शहराला लागूनच राऊला एकटी राहते. इथल्या एका कंपनीत सिस्टिम्सचं काम बघते. ऑफिसातले लोक चांगले आहेत, पण बोलणं सगळं हिंदीत. आणि आई गेल्यापासून मला मराठीत फोन करणारं कोणी उरलं नव्हतं.

आमच्या ईमेलचे दोन सर्व्हर एकमेकांना जोडलेले आहेत — क्लस्टर. एक पडला की मेल आपोआप दुसऱ्यावर जाते. पण डेटा ठेवायची डिस्क दोघांत एकच. ती गेली तर सगळंच गेलं, म्हणून रोज टेपवर बॅकअप. तर हा बॅकअप फेल व्हायला लागला. एखाद्या दिवशी नीट चाले, की परत स्क्रीनवर एररची लाल अक्षरं. नव्या टेप घातल्या, ड्राइव्ह साफ केला, केबल बदलली, सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला तक्रार टाकली. काही उपयोग नाही. साहेब रोज विचारायचे. शेवटी मी डबासुद्धा सर्व्हर रूमला लागून असलेल्या छोट्या खोलीतच खायला लागले.

एका दुपारी तिथला इंटरकॉम वाजला.

“ताई, टेप नका बदलू आता. टेप तर बरोबर आहे.”

वयस्कर आवाज. इथल्या जुन्या मराठी घरांतून ऐकू येते तशी, हिंदी मुरलेली मराठी. मला वाटलं, सपोर्टवाले.

“सर, आपलं नाव?”

“जोशी. जेवण झालं का?”

मग दुपारी त्यांचा फोन यायलाच लागला. हे तपासून बघा, ते बघा... आणि मध्येच इकडचं तिकडचं. एकदा त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मीच.”

“मग जेवताना टीव्ही तरी लावत जा, ताई. एकदम चूप घरात घास उतरत नाही.”

त्या रात्री मी टीव्ही लावून जेवले.

एकदा फोन माझ्या सहकाऱ्याने, राकेशभियाने उचलला. “ताई, कोई बुजुर्ग हैं, मराठी में तुम्हें पूछ रहे हैं,” म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मला स्वतःवरच संशय यायला लागला होता.

त्याच दिवशी जोशीजी म्हणाले, “बॅकअप पहिल्या सर्व्हरच्या नावाने लावलाय ना? मेल कधी इकडे राहते, कधी तिकडे. ज्या दिवशी ती दुसरीकडे असते, त्या दिवशी तुम्ही रिकाम्या घराची बेल वाजवता. क्लस्टरचं जे कॉमन नाव आहे, त्या नावाने लावा.”

इतकं साधं! मी बोलता बोलताच बॅकअपच्या जॉबमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये, ते नाव घातलं.

“बस, झालं तुमचं काम,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बॅकअप नीट व्हायला लागला. आणि काही दिवसांतच ती डिस्क गेली. दोन्ही सर्व्हर ठणठणीत, पण आत काही नाही. टेपवरून सगळ्यांची मेल परत आणली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी म्हटलं, श्रेय जोशीजींचं. आभार मानायला सपोर्टला फोन लावला.

“मॅडम, आपका केस तो किसी को असाइन ही नहीं हुआ. हमारे यहाँ से कोई कॉल नहीं गया,” तिकडची मुलगी म्हणाली.

मी आमच्या टेलिफोन ऑपरेटरकडे गेले. ती म्हणाली, “दीदी, वो अंदर की लाइन है. बाहर का कॉल मेरे बिना वहाँ जा ही नहीं सकता. मैंने तो कभी दिया नहीं.” मग ऑफिसातच कोणी जोशी? आता नाही, आधीही कोणी नव्हते... जुन्या लोकांना विचारून झालं.

ते कोण होते, मला आजही माहीत नाही. भीती कधीच वाटली नाही, हेही खरं. फोन मात्र पुन्हा आला नाही.

मागे एका दुपारी मी तो बॅकअपचा जॉब उघडला, क्लस्टरचं नाव खोडलं आणि परत पहिल्या सर्व्हरचं टाकलं, म्हणजे बॅकअप पुन्हा फेल व्हायला लागला असता. सेव्ह करायचं तेवढं बाकी होतं. फोनकडे पाहत कितीतरी वेळ तशीच बसून राहिले... मग कॅन्सल केलं.