घोडीवर न टेकणारी तार

माझे वडील पियानो जुळवायचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. त्यांचे कान म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट. तिथे निकाल लागला की अपील नाही.

आई जाऊन तीन महिने झाले होते. तिचा पियानो शाळेला द्यायचा, हे तीच सांगून गेली होती. सोमवारी टेम्पो यायचा होता. बाबांचं म्हणणं एकच: मधल्या त्या एका सुरातली थरथर गेल्याशिवाय पियानो दाराबाहेर पडणार नाही.

थरथर जुनीच. मधल्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. त्या एका लाकडी पट्टीवरून जातात, तिला बाबा घोडी म्हणत. घोडीत बारीक तिरके खिळे असतात. तार त्यांना खेटून लाकडावर नीट टेकली पाहिजे. खिळ्यावर चढून अधांतरी राहिली, तर एकटी वाजवली तरी आवाज डुलतो आणि कितीही जुळवा, जुळत नाही. मग बाबा तारेवर पितळी दांडी ठेवून हातोडीने ठोकत. तार खाली बसे, सूर किंचित उतरे, तो ते परत चढवत. महिनाभर बरं. पुढे ये रे माझ्या मागल्या.

"अहो, नका ना ठोकू," आई म्हणायची. "ठोकलं की पुढच्या वेळी जास्तच हलतं."

"तू शिकव, मी जुळवतो," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. आई मुलांना शिकवायची, रोज सहा तास तोच सूर तिच्या कानाशी. पण जुळवणारे कोण? तर बाबा. मीही त्यांचीच री ओढायची. हे सांगताना लाज वाटायला हवी. नुसतं बधीर वाटतं.

रविवारी सकाळी बाबांनी ठोकलं, जुळवलं, ऐकलं. थरथर वाढली होती.

"बॅटरी धर," मला म्हणाले. त्यांनी तिन्ही तारा सैल केल्या, बाजूला सारल्या आणि घोडीला नाक लावलं. लोकांच्या पियानोत ते असं नेहमी बघायचे. घरच्या पियानोला कान पुरे, असा त्यांचा तोरा.

खिळ्यापाशी लाकूड दबून खड्डा पडला होता. कड चिरडली होती आणि खिळा बोटाने हलत होता. शेजारच्या सुरांना कधी ठोकलं नव्हतं, तिथलं लाकूड धड होतं. म्हणजे तारेला टेकायला जागाच उरली नव्हती, आणि ती महिन्या-महिन्याला बाबांनीच संपवली होती.

"हं," बाबा म्हणाले. मी चहा केला. साखर घालायची राहिली. बाबांनी तारा परत जागेवर बसवून जुळवल्या.

दुपारी शाळेच्या संगीताच्या बाई पियानो बघायला आल्या. त्यांनी तो सूर वाजवला आणि थांबल्या. "काकू गेल्यापासून कुणी वाजवला नसेल ना, काका? बंद राहिला की बिघडतोच."

आयती पळवाट मिळाली होती. "हो ना," मी लगेच म्हटलं.

"बंद राहून नाही," बाबा म्हणाले. "मी ठोकून ठोकून बिघडवलाय. घोडीची वरची पट्टी बदलावी लागेल. दोन आठवडे द्या, मीच करून देतो."

बाई अवघडल्या. "एका सुराचं एवढं काय," असं काहीतरी पुटपुटल्या आणि टेम्पो पुढे ढकलायचं कबूल करून गेल्या.

बाबा खुर्चीत टेकले. स्वतःच्या हातांकडे बघू लागले.

"तिला बरोबर ऐकू येत होतं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"थांब, तिला सांगतो," म्हणत ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. दारात त्यांना आठवलं. ते तिथून वळेनात.