इंग्रज नटीचे मोकळे हात

तालुक्यात शिक्षिकांची एकपात्री स्पर्धा निघाली आणि मी एक इंग्रज नटी अंगावर ओढवून घेतली. बाकीच्या बाया दरवर्षीच्या ठरलेल्या थोर स्त्रिया करणार होत्या. आमच्या कारंज्याकडच्या मालेगावात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं तरी वेगळं काही करावं, असं मला वाटलं. खाज, दुसरं काय!

मोबाईलवर एका नावाजलेल्या इंग्रज नटीचं चरित्र वाचलं, त्यात माझ्या मनाचं बरंच घातलं आणि पंधरा मिनिटांचं लिहून काढलं. माझी नटी मासे विकणाऱ्याची पोरगी. थेटरात झाडू मारता मारता मोलकरणीच्या भूमिकेपर्यंत पोचली आणि चेहरा नायिकेचा नाही म्हणून वीस वर्षं चहाचे ट्रे घेऊन आत-बाहेर करत राहिली. पन्नाशीत राणीची भूमिका मिळाली तेव्हा लोक तिकिटासाठी रांगा लावू लागले. त्याच नाटकाच्या मध्यंतरात तिला नवरा गेल्याचा निरोप येतो. ती हातमोजे काढते आणि पुढच्या अंकाला उभी राहते. माझं सगळं या एका जागेवर टेकलेलं होतं.

आता विधवा दाखवायची तर हात मोकळे हवेत. इंग्रज बाई बांगड्या भरत नाही हे मलाही कळतं, पण ते दुःख आमच्या हॉलला कळायला हवं ना!

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मळ्यात मेथी उपटत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"नवरा जिता असून हात मोकळे? नाटकासाठी?"

आमचे हे म्हणाले, "करू दे ना माय. काई होत नाई."

मुलापुढे त्यांचं चालत नाही. एकुलता एक आहे. पण अट घातलीच. बांगड्या त्या स्वतः उतरवणार आणि दोन्ही मनगटांना हळदीचा दोरा बांधणार. कासाराकडे बांगड्या बदलतानासुद्धा सवाष्णीचा हात रिकामा ठेवायचा नाही, दोरा गुंडाळायचा, ही त्यांची रीत. हातमोजे काढताना दोरा बोटानं बाहीत सारून घेता येईल, म्हणून मी कबूल झाले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. सासरे जाऊन अठरा वर्षं झाली, तरी सासूबाई पीठ मळायच्या आधी, विळा उचलायच्या आधी मनगटावरच्या बांगड्या मागे सारतात. नसलेल्या बांगड्या. तो हात मी चोरला होता आणि खोलीला कडी लावून आरशापुढे घोटला होता. मला त्याची लाज वाटत होती, पण नाटकात त्याहून चांगलं काही माझ्याजवळ नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी हे पहाटेच पिकअपमध्ये वांगी भरून कारंज्याला गेले. बारापर्यंत येतो म्हणाले होते. एकला फोन लावला, बंद. दोनला बंद. अडीचला सासूबाई हॉलमागच्या खोलीत माझ्या मनगटाला साबण लावत होत्या. तेवढ्यात सोबतची एक शिक्षिका आत आली आणि सहज बोलून गेली, "कारंज्याच्या रस्त्यावर शेलूबाजारच्या अलीकडे पिकअप पलटली म्हणे. रस्ता जाम आहे."

सासूबाईंचा हात थांबला. चार बांगड्या निघाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या.

"आत्याबाई," मी सासूबाईंना विचारलं, "नको करू का मी?"

त्यांनी उरलेल्या दोन्ही काढल्या, पदरात बांधल्या आणि दोरे आवळले. "उतरवल्या ना आता. जाय."

मी असल्या गोष्टी मानत नाही. वर्गात पोरांना तसं ठणकावून सांगते. पण त्या दुपारी मंचाच्या पायऱ्या चढताना मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या.

पुढच्याच रांगेत सासूबाई मांडीवर मोबाईल घेऊन बसल्या होत्या. झाडू झाला, चहाचे ट्रे झाले, राणी झाली. लोक हसले तेही ऐकू आलं. मग मध्यंतर आलं, निरोप आला. मी डावा हातमोजा ओढला आणि घामानं चिकटलेला दोरा गाठ सुटून मोज्यासोबत निघाला आणि खाली पडला. पिवळाजर्द, मंचाच्या कडेला, सासूबाईंच्या अगदी समोर. उचलता येईना. मी नटी होते, नवरा गेलेली. माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला आणि नसलेल्या बांगड्या मागे सारू लागला.

सासूबाई दोऱ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होत्या.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवर उजेड पडला. त्यांनी मोबाईल कानाला लावला, उठल्या आणि दाराबाहेर गेल्या.

माझी चार मिनिटं उरली होती. ती मी कशी काढली मला ठाऊक नाही. डोळ्यांत पाणी आलं ते नटीचं नव्हतं. परीक्षक नंतर म्हणाले की शेवट फार खरा झाला. त्या वेळी मला त्यांना एक लगावावीशी वाटली.

मी त्याच लांब झग्यात बाहेर धावले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"कोणाचा होता?"

"त्याचाच. दुसऱ्याच्या मोबाईलवरून बोलला. त्याची बॅटरी उतरली म्हने. जाममधी अटकला होता, आता येऊन राह्यला."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. त्या रडल्या नाहीत. पदराची गाठ सोडून बांगड्या मांडीवर मोजत राहिल्या.

"तो हात माहा होता," त्या म्हणाल्या.

मी झग्याची बाही ओढून मनगट झाकलं.

"पन चुकला तुहा. तू डाव्यावर केला. मी उजव्यावर करतो." त्यांनी आपलं उजवं मनगट पुढं केलं. हाडाजवळ एक पांढरा वण होता. इतकी वर्षं त्या हातची भाकर खाऊन मला तो दिसला नव्हता. "बायांनी पयले या हातच्याच फोडल्या. मी हात देत नव्हती."

मग त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि बोटं दाबून बांगड्या भरू लागल्या.